तयार घर स्वस्त, पण खालची जागा कुणाची?

 

हल्ली गटांच्या बैठकीत एक प्रश्न वारंवार कानावर येतो. मोबाईलवर व्हिडिओ फिरतात. ट्रकवरून आख्खं घर येतं, क्रेननं उतरवतात, आणि संध्याकाळी आत दिवा लागतो. ते बघून बाया विचारतात, "ताई, असं घर आपल्याला परवडेल का? वाळू नको, विटा नकोत, गवंड्याच्या मागे फिरणं नको." प्रश्न चांगला आहे. ज्या बाईचं आयुष्य सासरच्या दोन खोल्यांत नाहीतर भाड्याच्या पत्र्याखाली गेलं, तिला पहिलं स्वतःचं घर लवकर आणि स्वस्तात हवं असणारच. म्हणून आज या तयार घरांबद्दल बोलू.

ही घरं सगळ्यात जास्त कुठं वापरात आहेत, तर अमेरिकेत. तिथं दोन कोटींच्या आसपास माणसं अशा घरांत राहतात. तिथल्या लोकांना या घरांचा अनेक वर्षांचा अनुभव आहे, चांगलाही आणि वाईटही. दुसऱ्यानं ठेच खाल्ली असेल तर आपण तो दगड बघून पाऊल टाकावं, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

आधी हे घर म्हणजे काय ते सांगते. तिथं याला मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं घर. जुनं नाव मोबाईल होम, चालतं-फिरतं घर. खाली लोखंडी सांगाडा असतो, त्यावर भिंती, छप्पर, खिडक्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम सगळं कारखान्यातच बसवतात. मग चाकं लावून रस्त्यानं ओढत जागेवर नेतात. लहान घर एकाच तुकड्यात येतं, साधारण 15 फूट रुंद आणि 60 फूट लांब. मोठं घर दोन तुकड्यांत येतं आणि जागेवर जोडतात.

पूर्वी ही घरं कशीही बनायची. आग लागली, वादळ आलं की पहिला फटका यांनाच बसायचा. म्हणून तिथल्या सरकारनं देशभरासाठी एकच नियमावली केली आणि 15 जून 1976 पासून ती लागू झाली. भिंती किती मजबूत, वीजजोडणी कशी, आगीपासून बचाव कसा, वारा किती सोसला पाहिजे, हे सगळं त्यात ठरलं. नियमात बसलेल्या प्रत्येक तुकड्याला बाहेरून लाल रंगाची धातूची पट्टी ठोकतात. घर घेणारी माणसं आधी ती पट्टी शोधतात. आपण गॅसच्या शेगडीवर आयएसआयचा शिक्का बघतो ना, तसंच.

हे घर स्वस्त का पडतं? कारखान्यात पावसानं काम थांबत नाही. एकाच मापाचा माल घाऊक येतो, वाया कमी जातो. माणसं रोज तेच काम करतात, त्यामुळे हात बसलेला असतो. जागेवर बांधलेल्या घराच्या मानानं चौरस फुटाला खर्च निम्म्याच्या आसपास येतो. 2023 साली तिथं अशा नव्या घराची सरासरी किंमत सव्वा लाख डॉलरच्या जवळपास होती. आपल्या रुपयांत एक कोटीच्या घरात. आपल्याला आकडा मोठा वाटेल, पण त्यांच्याकडे हेच गरिबाचं घर. दुकानात काम करणारी बाई, निवृत्त म्हातारं जोडपं, नुकतंच लग्न झालेली पोरं, अशांचं पहिलं घर बरेचदा हेच असतं.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता ठेच कुठं लागते ते ऐका.

ही किंमत फक्त घराची आहे. त्यात जमीन धरलेली नाही. ज्याच्याकडे स्वतःचा प्लॉट आहे त्यानं घर आणून त्यावर ठेवलं, पक्क्या पायावर बसवलं, तर त्याचं बरं चालतं. पण ज्यांच्याकडे प्लॉट नाही अशी लाखो माणसं काय करतात? एखाद्या मालकाच्या मोठ्या आवारात जागा भाड्यानं घेतात. अशा आवाराला तिथं पार्क म्हणतात. एका पार्कमध्ये दहा-वीस ते शेकडो घरं असतात. घर राहणाऱ्याचं, जमीन पार्कच्या मालकाची. दर महिन्याला घराच्या कर्जाचा हप्ता वेगळा आणि जागेचं भाडं वेगळं.

समजा उद्या मालकानं जागेचं भाडं वाढवलं. भाडेकरू असता तर बोचकं उचलून दुसरीकडे गेला असता. पण इथं आख्खं घर तुमचं आहे. ते उचलायला खास गाडी लागते, परवाने लागतात, खर्च हजारो डॉलर येतो. घर जुनं असेल तर वाटेतच खिळखिळं होईल म्हणून ते हलवताच येत नाही. आणि नेणार तरी कुठं? दुसऱ्या पार्कात जागा मिळायला हवी. म्हणजे नाव चालत्या-फिरत्या घराचं, आणि प्रत्यक्षात ते जाग्यावरून हलत नाही. मालकाला हे पुरतं ठाऊक असतं. गेल्या काही वर्षांत मोठ्या गुंतवणूकदार कंपन्यांनी असे पार्क विकत घेतले, अनेक ठिकाणी भाडी भराभर वाढवली. ज्यांना भाडं झेपलं नाही, त्यांतल्या काहींना स्वतःचं घर मिळेल त्या किमतीला विकून, नाहीतर तसंच टाकून निघून जावं लागलं.

कर्जाचंही तसंच. जमीन आपली नसेल तर तिथल्या कायद्यात ते घर मोटारीसारखी चल वस्तू धरतात. मग बँक घराचं कर्ज देत नाही, वस्तूवरचं कर्ज देते. त्याला व्याज जास्त आणि मुदत कमी. हप्ते थकले तर ट्रॅक्टर ओढून नेतात तशी जप्ती लवकर येते. शिवाय जमिनीची किंमत वर्षागणिक चढते, ती चढती किंमत जमिनीच्या मालकाला मिळते. नुसत्या घराची किंमत मात्र वापरानं उतरत जाते. वीस वर्षं हप्ते भरून बाईच्या हातात राहतं जुनं झालेलं घर, आणि पायाखालची जमीन दुसऱ्याचीच.

तर मैत्रिणींनो, अमेरिकेच्या अनुभवातली पहिली शिकवण ही. घर किती स्वस्त, हा दुसरा प्रश्न. ते ठेवायचं कुणाच्या जागेवर, हा पहिला.

आता यातून तिथल्या काही लोकांनी वाट कशी काढली ते सांगते. हे ऐकताना तुम्हाला आपलाच गट आठवेल.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू हॅम्पशायर नावाचं छोटं राज्य आहे. तिथं मेरेडिथ नावाच्या गावात एक लहानसा पार्क होता, अवघ्या 13 घरांचा. 1984 साली तिथल्या राहणाऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची सहकारी संस्था काढली आणि पार्कची जमीनच विकत घेतली. पैसे कुठून आले? न्यू हॅम्पशायर कम्युनिटी लोन फंड नावाची एक ना-नफा संस्था नुकतीच सुरू झाली होती, तिनं कर्ज दिलं. एकेकट्या घराला कुणी कर्ज दिलं नसतं. सगळ्यांनी मिळून मागितलं म्हणून मिळालं. आपल्याला बँकेत एकटीला दारात उभं करत नव्हते आणि गट म्हणून गेल्यावर खुर्ची मिळाली, त्यातलंच हे.

या पद्धतीत प्रत्येक घराला एक मत असतं. सभासद आपल्यातूनच पदाधिकारी निवडतात. दर महिन्याची रक्कम आता मालकाला जात नाही, संस्थेत जमा होते. त्यातून कर्ज फिटतं, रस्ता दुरुस्त होतो, पाण्याची लाईन बदलते. भाडं वाढवायचं का, किती, हे सभेत ठरतं. पुढे त्या राज्यानं कायदाही केला की पार्क विकायचा असेल तर मालकानं राहणाऱ्यांना 60 दिवस आधी कळवलं पाहिजे आणि त्यांनी किंमत देऊ केली तर तिचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. 2008 साली हेच काम देशभर नेण्यासाठी आरओसी यूएसए नावाची संस्था निघाली. आता वेगवेगळ्या राज्यांत मिळून अशा तीनशेहून जास्त वस्त्या राहणाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीच्या आहेत.

यात कष्ट नाहीत असं नाही. जुना मालक गळकी पाइपलाइन आणि खड्ड्यांचे रस्ते ठेवून जातो, ते सगळं गळ्यात पडतं. सभेला माणसं येत नाहीत, कुणी पैसे थकवतं, कुणाशी भांडण होतं. गट चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. पण रातोरात कुणी घालवून देईल ही भीती जाते.

आता आपल्या दारात येऊ. आपल्याकडे हायवेच्या कडेला केबिन विकायला ठेवलेल्या दिसतात. कुणी त्यात कार्यालय करतं, कुणी शेतावर राहायची खोली. संकटात अशा खोल्यांचा मोठा उपयोग होतो. जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्या कुटुंबांना चौक इथं कंटेनरच्या खोल्यांत ठेवलं होतं. तात्पुरता आसरा म्हणून ते ठीक. पण त्यांनाही शेवटी कायमची घरं द्यावीच लागली.

अमेरिकेत आणि आपल्यात एक फरक आहे. तिथं बाईसमोर पार्कचा मालक असतो. आपल्याकडे बऱ्याचदा जमीन घरातलीच असते, पण बाईच्या नावावर नसते. सासऱ्यांच्या नावावर असते, दिरांबरोबर सामाईक असते, नाहीतर गायरानात असते. बाई गटातून कर्ज काढते, दागिना मोडते, खोली उभी करते. उद्या वाटणी झाली, नवरा गेला, किंवा अतिक्रमणाची नोटीस आली, की ती खोली कुणाची? म्हणून पत्र्याचं असो, विटांचं असो की ट्रकवरून आलेलं असो, आधी कागद बघायचे.

कोणते कागद? घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा काढा. घरपट्टी कुणाच्या नावानं येते ते त्यात कळतं. एक लक्षात ठेवा, नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. पण बाईचं नाव तिथं असणं मोलाचं आहे. आपल्या राज्य सरकारनं 2003 सालीच निर्णय काढला आहे की गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी. वीस वर्षं होऊन गेली तरी अनेक घरांत ही नोंद झालेली नाही, कारण कुणी अर्जच दिलेला नाही. अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा आणि पोहोच घ्यायची.

दुसरा कागद मिळकत पत्रिका, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. 2020 साली स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोननं गावठाणाची मोजणी करून घरांना ही पत्रिका देतात. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर कुणाचं नाव आलं ते जाऊन बघा. चौकशीच्या वेळी बाया घरात आणि पुरुष चावडीवर, असं झालं तर बाईचं नाव सुटतं. घर शेतात असेल तर सातबारा बघा. आणि नवरा वारला असेल तर वारस नोंद झाली का, हे पहिलं तपासा.

ज्यांना जागाच नाही त्यांचं काय? प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण 2016 पासून सुरू आहे. सपाट भागात घराला 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये हप्त्यांनी मिळतात. रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार वेगळे. घर कमीत कमी 25 चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. या योजनेचा नियमच आहे की घर बाईच्या नावानं किंवा दोघांच्या नावानं मंजूर करायचं. यादीत नाव आहे पण जागा नाही म्हणून काम अडलं असेल, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं राज्याची जागा खरेदीसाठी मदत करणारी योजना आहे. आधी मदत 50 हजारांपर्यंत होती, नंतर ती 1 लाखापर्यंत वाढवली. पंचायत समितीत जाऊन नावानिशी विचारा. आणि घरकुलाच्या पैशातून तयार केबिन आणून ठेवता येईल असं धरून चालू नका. घरकुल हे टिकाऊ, पक्कं घर असावं लागतं. विकत घेण्याआधी ग्रामसेवकांकडून लेखी विचारून घ्या.

जागा आपली आहे, कागद नीट आहेत, आणि तरीही तयार खोली घ्यायची आहे, असं असेल तर खुशाल घ्या. पण व्यापाऱ्याला काही प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, सांगितलेल्या किमतीत काय काय येतं? जोतं, वाहतूक, क्रेन, वीज-पाण्याची जोडणी, संडासची टाकी, जीएसटी, हे बहुतेकदा वेगळं असतं. समजा खोली अडीच लाखांची सांगितली आणि वरचा खर्च पाऊण लाख आला, तर तुमची खोली सव्वातीन लाखांची झाली. तुलना करायची ती या आकड्याशी, आणि शेजारी गवंड्याकडून बांधलेल्या तेवढ्याच खोलीशी.

दुसरा, आपल्या वाडीत ट्रक आणि क्रेन येते का? बोळ अरुंद असेल, वरून विजेच्या तारा असतील, तर खोली रस्त्यावरच राहील.

तिसरा, भिंतीच्या आत काय भरलंय? नुसता पत्रा असेल तर एप्रिल-मे महिन्यात आत बसवणार नाही. दोन पत्र्यांमध्ये फोम किंवा खनिज लोकर भरलेली असते. फोम उष्णता अडवतो पण आगीला भितो. चूल पेटवणार असाल तर हे आधीच बोला. शक्य असेल तर भर दुपारी जाऊन अशा खोलीत अर्धा तास बसून बघा.

चौथा, वादळात ती जाग्यावर कशी राहणार? नुसती विटांवर टेकवलेली खोली चालणार नाही. जोत्यात बोल्टनं घट्ट आवळलेली हवी.

पाचवा, बिल कुणाच्या नावानं? अशी खोली वस्तूसारखी पक्क्या बिलावर विकतात, तिचं जमिनीसारखं खरेदीखत होत नाही. कर्ज बाईच्या गटातून आणि बिल नवऱ्याच्या नावानं, असं करू नका. जो हप्ता फेडतो त्याचं नाव बिलावर. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. थोडे ठरवताना, थोडे माल बघून, आणि उरलेले खोली बसून दारं-खिडक्या नीट लागल्यावर. कोटेशन लेखी घ्या, त्यात पत्र्याची जाडी, माप आणि गॅरंटी लिहून घ्या.

हे सगळं एकटीनं करायचं म्हटलं तर दडपण येतं. म्हणून गटानं एक काम करावं. पुढच्या बैठकीत हप्ता जमा झाला की प्रत्येकीनं एकच गोष्ट सांगायची, मी राहते ते घर कागदावर कुणाच्या नावानं आहे. जिला माहीत नाही तिच्या नावापुढे वहीत खूण करा. मग दोघी-दोघींनी मिळून ग्रामपंचायतीत जाऊन उतारे काढा. एकटी बाई गेली तर "उद्या या" म्हणतात. दहाजणी गेल्या की उतारा त्याच दिवशी मिळतो. तीन महिन्यांत सगळ्या गटाचे कागद बघून होतील. आणि घरासाठी कर्ज मागणारा अर्ज गटात आला, की सोबत जागेचा उतारा जोडलेला हवा असा ठराव करा. हा ठराव कुणाची अडवणूक करायला नाही. आपल्याच बाईचा पैसा दुसऱ्याच्या जमिनीत गाडला जाऊ नये म्हणून आहे.

मेरेडिथच्या त्या 13 घरांकडे पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या. त्यांनी घरं बदलली नाहीत, घरं तीच पत्र्याची राहिली. त्यांनी फक्त खालची जमीन आपली केली. आपल्याकडे तर पंधरा-वीस बायांचा गट आधीच उभा आहे, वही आहे, शिक्का आहे, बँकेत खातं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, घर विटांचं घ्या नाहीतर कारखान्यातलं घ्या, ऐपतीप्रमाणे लहान घ्या. पण दाराला कडी लावण्याआधी उताऱ्यावर आपलं नाव बघून घ्या. या महिन्यात तुमच्या गटानं उतारे काढले तर काय अडचणी आल्या ते रेडिओ केंद्राला जरूर कळवा, त्यावर आपण पुन्हा बोलू.